बर्फात टिकणारा फड्या निवडुंग: अंगणात लावायची पायरीवार पद्धत

न्यू जर्सीत, शिकागोत, टोरांटोच्या आसपास निवडुंग लावणारे मराठी लोक आता बरेच दिसतात, आणि त्यातल्या निम्म्याअधिकांची तक्रार एकच असते: उन्हाळाभर छान होता, हिवाळ्यात मेला. दोष थंडीवर टाकून मंडळी मोकळी होतात. मेलेला निवडुंग उपटून बघितला, तर बहुतेक वेळा मुळाशी काळा, वास मारणारा लगदा हाताला लागतो. ते झाड गोठून मेलेलं नसतं, कुजून मेलेलं असतं. योग्य जातीचा निवडुंग उणे पंचवीस सेल्सिअस सोसतो, पण उणे दोनमध्ये ओल्या चिखलात उभा राहिला तर टिकत नाही. खालची प्रत्येक पायरी, जात निवडण्यापासून मार्चमधल्या साफसफाईपर्यंत, याच हिशेबावर बेतलेली आहे.

आपला गोंधळ का होतो, तेही सांगतो. दख्खनमध्ये फड्या निवडुंग बांधावर कुणी न लावता वाढतो, चार महिने पावसात भिजतो आणि त्याला काही होत नाही. कारण तिथे पाऊस उबेच्या दिवसांत पडतो, झाड तेव्हा वाढत असतं, आणि हिवाळा कोरडा जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. नोव्हेंबरात झाड झोपी गेल्यावरही माती ओलीच राहते. गावाकडचा अनुभव चालत नाही, तो नेमका इथे.

## १. आधी आपला झोन आणि आपला ओलावा बघा

अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोन-नकाशा वर्षातल्या सर्वात थंड रात्रीच्या सरासरीवर आखलेला आहे. त्याची ताजी आवृत्ती २०२३ ची. झोन ७ म्हणजे उणे १८ ते उणे १२ सेल्सिअस, झोन ६ म्हणजे उणे २३ ते उणे १८, झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३. पिनकोड टाकला की आपला झोन कळतो. न्यू जर्सीचा बराचसा भाग सहा-सातमध्ये पडतो.

पण हा नकाशा फक्त थंडीचा आहे. ओलाव्याबद्दल तो काहीच सांगत नाही. डेन्व्हरला थंडी कडक असते, पण हवा कोरडी. तिथे निवडुंग सुखात राहतो. सिअ‍ॅटल किंवा लंडनला थंडी किरकोळ, पण ऑक्टोबर ते मार्च नुसती रिपरिप. तिथे निवडुंग जगवणं डेन्व्हरपेक्षा अवघड जातं. तेव्हा झोन बघून झाला की स्वतःला विचारा: नोव्हेंबर ते मार्च माझ्या अंगणातली माती कोरडी होते का? 'नाही' असं उत्तर आलं, तर चौथी पायरी दोनदा वाचा.

## २. जात निवडा

नर्सरीत नुसतं 'प्रिकली पेअर' (फड्या निवडुंगाचं इंग्रजी नाव) लिहिलेली कुंडी उचलू नका. या नावाखाली बर्फ सोसणाऱ्या आणि पहिल्या कडक रात्री पाण्याचा गोळा होणाऱ्या अशा दोन्ही जाती विकल्या जातात. चिठ्ठीवर पूर्ण शास्त्रीय नाव हवं; फड्या निवडुंगाचं ते 'ओपंशिया'ने सुरू होतं.

ओपंशिया ह्युमिफ्युसा. पूर्व अमेरिकेतली मूळची जात. जमिनीलगत पसरते, उंची जेमतेम फूटभर, जूनमध्ये पिवळी फुलं. झोन ५ ते ९ मध्ये चालते आणि पूर्वेकडचा दमटपणा इतर जातींपेक्षा बराच जास्त सोसते, कारण ती तिथलीच आहे. पहिल्यांदाच लावणार असाल तर हीच घ्या, दुसरा विचार करू नका.

ओपंशिया मॅक्रोरायझा. दिसायला तशीच, मुळं गाठीसारखी जाड. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या गवताळ पट्ट्यातली. निचरा चांगला असेल तर शिकागोकडे उत्तम.

ओपंशिया पॉलिअकँथा. भरपूर काटे, गुलाबी, पिवळी, तांबूस फुलं. थंडीला अतिशय कणखर, पण कोरड्या पठारावरची असल्याने ओल्या हिवाळ्यात कुरकुर करते.

ओपंशिया फ्रॅजिलिस. सर्वात उत्तरेकडे पोचलेला निवडुंग हाच. कॅनडात पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत सापडतो. फडे बटाट्याएवढे आणि जरा धक्का लागला की सुटून पायमोज्याला चिकटणारे. घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर टाळा.

ओपंशिया फिकस-इंडिका, म्हणजे मोठ्या फड्यांचा, दुकानात ज्याची फळं मिळतात तो, थंड प्रदेशात बाहेर लावू नका. आपल्याकडच्या बांधावरचे निवडुंगही बर्फात टिकणारे नाहीत. तरीही दर वर्षी कुणीतरी गावाहून बॅगेत फडा आणायचा बेत करतोच. निवडुंगांच्या जवळपास सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रण करारात येतात, विमानतळावर फडा जप्त होईल, आणि सुटलाच तर जानेवारीत मरेल.

> थांबा: जंगलातून फडे तोडू नका. ऑन्टॅरिओत पॉइंट पीली आणि पीली बेटाच्या भागात वाढणारा मूळचा निवडुंग धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. त्याला हात लावणं गुन्हा आहे. रोपवाटिकेतून घ्या, किंवा कुणाच्या अंगणातून मागून घ्या. पसरलेला निवडुंग ज्याच्याकडे आहे, तो फडे आनंदाने देतो.

## ३. जागा ठरवा

दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड असलेली जागा, दिवसाला किमान सहा तास थेट ऊन. आठ मिळाले तर फुलं दुप्पट जोमाने येतात. जागा उन्हाळ्यात ठरवू नका. मार्च-एप्रिलमध्ये, झाडांना पानं फुटायच्या आधी, सूर्य खाली असताना सावली कुठवर पडते ते बघा. हिवाळ्यानंतर माती लवकर कोरडी होणं महत्त्वाचं आहे, आणि ते त्या दिवसांतल्या उन्हावर ठरतं.

दक्षिणेकडच्या भिंतीलगत लावायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. वरून छपराचं पाणी ठिबकतं का? आणि गटरचा पाइप तिथेच सुटतो का? यातलं एकही असेल तर भिंतीची ऊब फुकट जाते.

लॉनला आपोआप पाणी देणारी यंत्रणा असेल तर तिच्या फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर राहा. हे लक्षातच येत नाही, कारण फवारे पहाटे चालू होतात आणि आपण झोपलेले असतो. एकदा मुद्दाम चालू करून कुठपर्यंत भिजतं ते डोळ्यांनी बघा. ड्राइव्हवेच्या कडेची जागाही मोहात पाडते, ऊन भरपूर असतं. पण हिवाळ्यात मीठ घातलेला बर्फ फावड्याने तिथेच ढकलला जातो.

निचऱ्याची चाचणी. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, मुरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि पट्टी लावून ठेवा. तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर जमीन चिकण आहे, जमिनीच्या पातळीवर काहीही लावू नका. तासाला तीन-चार इंच उतरत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. (अमेरिकेत खोल खणायच्या आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या तारा-पाइपांच्या खुणा करून घ्या. फुकट असतं.)

## ४. गादीवाफा तयार करा

सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली चूक: चिकणमातीत खोल खड्डा खणायचा, त्यात खडी आणि रेती भरायची, वर निवडुंग लावायचा. ऐकायला बरोबर वाटतं, पण तो खड्डा म्हणजे बिनभोकाची कुंडी. आजूबाजूच्या चिकणमातीतलं पाणी सैल भरावात झिरपून येतं आणि तळाशी साठतं. उन्हाळ्यात कळत नाही. नोव्हेंबरपासून मात्र मुळं थंडगार पाण्यात उभी असतात.

दुसरी चूक: चिकणमातीत थोडी बारीक रेती कालवायची. दोन-चार पिशव्या रेतीने माती सैल होत नाही, उलट वाळल्यावर घट्ट बसते. मुलांच्या खेळायची पिवळी रेती तर अजिबात नको, तिचे कण फार बारीक.

तिसरी, आपल्या लोकांची लाडकी चूक: शेणखत आणि कंपोस्ट. झाड लावायचं म्हणजे खत घालायचंच, ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. सेंद्रिय खत पाणी धरून ठेवतं आणि फड्यांना लुसलुशीत, पाणीदार वाढ देतं. तीच वाढ पहिल्या हिमात काळी पडते.

बरोबर काम जमिनीच्या वर करायचं. खणायचं नाही, चढवायचं.

१. ठरवलेल्या जागेवरचं गवत मुळासकट काढा. हरळीसारखं मुळाने पसरणारं गवत असेल तर घाई करू नका. जागा महिनाभर उघडी ठेवा, फुटवे आले की पुन्हा काढा. काट्यांमध्ये घुसलेलं गवत नंतर काढणं ही शिक्षा असते, आणि ती दर वर्षी भोगावी लागते.

२. खालची जमीन कुदळीने चार-सहा इंच फक्त मोकळी करा. वरचा भराव आणि खालची माती यांच्यात घट्ट थर राहायला नको.

३. मिश्रण: एक भाग साधी बागेची माती, एक भाग जाड धुतलेली रेती, एक भाग तीन ते सहा मिलिमीटरची कच किंवा बारीक गोटे. ओल्या हिवाळ्याच्या गावी कच दीडपट घ्या. परलाइट घालू नका. हलकं असल्याने ते पावसात वर येतं आणि उडून जातं.

४. जमीन चिकण असेल तर मधोमध दहा-बारा इंच उंची, कडेला उतार. आधीच रेताड असेल तर सहा इंच पुरे.

५. आठ-दहा दिवस, किंवा एक चांगला पाऊस होईपर्यंत, वाफा तसाच ठेवा. तो दबेल. खाच पडेल तिथे मिश्रण भरा.

सामानाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. चार फूट बाय सहा फुटांचा, मध्ये दहा इंच उंच वाफा करायचा, कडेला उतार धरायचा, तर साधारण अर्धा घनयार्ड मिश्रण लागतं. अर्ध्या घनफुटाच्या पिशव्या आणल्या तर सत्तावीस. वजन अर्ध्या टनाच्या वर जातं. गाडीच्या डिकीतून दोन-दोन पिशव्या आणण्यापेक्षा कच आणि रेती ट्रकने मागवा, ती स्वस्तही पडते.

> तपासा: जोराचा पाऊस झाल्यावर, पुढचे दोन दिवस ऊन पडल्यावर, वाफ्यात बोट घाला. वरचे दोन-तीन इंच कोरडे आणि हाताला भुसभुशीत लागायला हवेत. अजून चिकट लागत असेल तर लावणी करू नका, आणखी कच मिसळा. निवडुंग एकदा बसला की खालची माती बदलता येत नाही.

## ५. फडे कापा, हाताळा, वाळवा

मोठे काटे दिसतात, म्हणून ते फारसे लागत नाहीत. खरा त्रास कुसळांचा. फड्यावर ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपक्यात पिवळसर-तपकिरी कुसळांचा झुबका असतो. नुसत्या डोळ्यांना ते मखमलीसारखं वाटतं. प्रत्येक कुसळाला उलटे बारीक दाते असतात, त्यामुळे आत गेलेलं बाहेर येत नाही. 'बिनकाट्याचा' म्हणून विकला जाणारा निवडुंगही कुसळांपासून मुक्त असेलच असं नाही.

चामड्याचे हातमोजे घालू नका. कुसळं चामड्यात रुततात आणि पुढच्या वेळी मोजा घालताना आतून बोटात शिरतात. स्वयंपाकघरातली जुनी सांडशी किंवा लांब चिमटा घ्या, नाहीतर वर्तमानपत्राची सहापदरी पट्टी करून तिने फडा धरा आणि ती पट्टी लगेच फेकून द्या. सांडशी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

कुसळं लागलीच तर चोळू नका, तोंडाने ओढू नका. आधी चिमट्याने मोठी झुबकी काढा. मग त्या जागी पांढऱ्या शाळकरी गोंदाचा थर द्या, वर जाळीचं कापड दाबा, पूर्ण वाळू द्या आणि सावकाश सोला. त्या हाताने डोळे पुसू नका.

फडा निवडताना मागच्या वर्षीचा, पूर्ण वाढलेला, टणक घ्या. या वसंतातला कोवळा, चकचकीत फडा कुजतो. जिथे दोन फडे जुळतात त्या अरुंद सांध्यावर स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापा. फडा मध्यातून कापला तर जखम मोठी होते आणि वाळायला वेळ लागतो.

आता तो लावायचा नाही. सावलीत, हवेशीर जागी, वर्तमानपत्रावर आडवा ठेवा. उन्हात नको, तुटलेला फडा उन्हात भाजतो. आठवडा ते दोन आठवडे लागतात, दमट हवेत जास्तही.

> तपासा: कापलेली कड पांढरट-खाकी, कोरडी आणि नखाला टणक लागली पाहिजे. ओलसर किंवा दबणारी असेल तर थांबा. वाळवताना फडा थोडा सुरकुतला तर काळजी नको. उलट मुळं फुटायला ते बरंच.

## ६. लावणी

वेळ: शेवटचं हिम पडून गेल्यावर, मेअखेर ते जुलैची सुरुवात. ऑगस्टच्या मध्यानंतर लावू नका. फड्याला मुळं धरायला निदान आठ-दहा आठवड्यांचं उबदार हवामान हवं. सप्टेंबरात नर्सरीवाले निम्म्या किमतीत कुंड्या काढतात. घ्यायची तर घ्या, पण तो निवडुंग हिवाळाभर न तापवलेल्या गॅरेजात, खिडकीशी, पाण्याशिवाय ठेवा आणि मेमध्ये लावा.

सुटा फडा असेल तर कापलेली कड खाली करून एक ते दीड इंच पुरा. उभा राहत नसेल तर दोन्ही बाजूंनी दगडाचा आधार द्या, पण आणखी खोल पुरू नका. खोल पुरलेला फडा मातीच्या रेषेवर कुजतो. फ्रॅजिलिसचे गोल फडे नुसते आडवे ठेवून अर्धे दाबले तरी मुळं धरतात.

कुंडीतलं रोप असेल तर मुळांभोवतीची पीटची माती बोटांनी किंवा काडीने झाडून टाका. दुकानातल्या कुंडीतलं ते मिश्रण पाणी धरून ठेवतं. कचेच्या वाफ्यात तसाच गोळा बसवला तर मुळांभोवती ओला स्पंज राहतो. मुळं मोकळी करून, तुटलेली कापून, दोन दिवस सावलीत ठेवून मग लावा.

दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. आज वाफा ओका दिसेल, दिसू द्या. ह्युमिफ्युसा काही वर्षांत दोन-तीन फूट पसरतो.

लावून झालं की वर दोन इंच बारीक गोट्यांचा किंवा कचेचा थर, अगदी फड्याच्या बुंध्यापर्यंत. या थरामुळे बुंधा कोरडा राहतो, चिखल उडत नाही, तण कमी होतं. लाकडाचा भुसा किंवा सालींचं मल्च नको. ते ओलं राहतं आणि नेमकं बुंध्याशी कुजवतं.

## ७. पहिला उन्हाळा

सुट्या फड्याला लावल्याबरोबर पाणी देऊ नका. आठ-दहा दिवस कोरडं. मग एकदा भरपूर, वाफा खालपर्यंत भिजेल इतकं, आणि पुन्हा पूर्ण वाळू द्या. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात (माती ओलसर, पण चिकट नाही), तो आला तरी इथे पाणी द्यायचं नाही. त्याच्याही पुढे, बोट आत घातल्यावर कोरडं लागेपर्यंत थांबायचं. आठवड्याला एखादा पाऊस होत असेल तर नळाला हातही लावू नका.

महिन्याभराने फडा चिमट्याने हलकेच ओढून बघा. अडखळला तर मुळं धरली. फट्कन वर आला आणि कड कोरडी-निरोगी असेल, तर तसाच पुन्हा ठेवा. कड तपकिरी आणि मऊ असेल तर निरोगी भागापर्यंत कापा आणि पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

पहिल्या वर्षी खत नाही. पुढेही फारसं नाही. वाढ अगदीच खुंटली असेल तर मेमध्ये कमी नत्राचं, ५-१०-१० सारखं दाणेदार खत चिमूटभर. लॉनचं खत उडून वाफ्यावर येऊ देऊ नका, आणि लॉनवरचं तणनाशक तर नाहीच नाही.

दुसऱ्या वर्षापासून पाणी विसरा. तीन-चार आठवडे कोरडा उष्मा लागला तरच एकदा.

## ८. ऑगस्टनंतर हात आखडता घ्या

ऑगस्टच्या मध्यापासून पाणी पूर्ण बंद. बारक्याशा वाटणाऱ्या या नियमावर सगळा हिवाळा उभा आहे.

रात्री गार व्हायला लागल्या की थंडीचा निवडुंग स्वतःहून पाणी टाकायला लागतो. फडे पातळ होतात, सुरकुततात, आडवे पडतात. आतलं पाणी कमी झालं की उरलेला रस घट्ट होतो आणि पेशींत बर्फाचे स्फटिक सहज तयार होत नाहीत. या तयारीला काही आठवडे लागतात. सप्टेंबरात फडा सुकलेला बघून कुणी मायेने पाणी घातलं की तो पुन्हा फुगतो, आणि फुगलेला फडा पहिल्या कडक रात्री फुटतो.

ऑक्टोबरात आणखी एक काम: वाफ्यावर पडलेली मेपल-ओकची पानं दर आठवड्याला काढा. ओल्या पानांचा थर फड्यांना चिकटला की त्याखाली बुरशी धरते. लांब चिमटा किंवा पानं उडवायचं ब्लोअर वापरा, हात घालू नका.

## ९. हिवाळा

प्लास्टिकने गुंडाळू नका. आत ओल साठते, दुपारी ऊन पडलं की तापतं, रात्री गोठतं; या उलथापालथीत फडा मरतो. बर्फाचा थर मात्र चांगला. तो थंडगार वाऱ्यापासून वाचवतो आणि खालचं तापमान स्थिर ठेवतो. तो झटकायला जाऊ नका.

लंडन, सिअ‍ॅटल, नेदरलँड्ससारख्या ठिकाणी मात्र वरून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं छप्पर उपयोगी पडतं. चार खुंट्या ठोका, पत्रा उतरता बसवा, चारही बाजू पूर्ण उघड्या ठेवा. पाऊस अडवायचा आहे, थंडी नाही.

अन्न कमी झालं की ससे आणि उंदरांच्या जातीचे व्होल फडे कुरतडतात. अर्ध्या इंचाच्या जाळीचं बुटकं कुंपण पुरतं.

डिसेंबरात फडे जांभळट झाले, जमिनीला चिकटून पडले, चिंच वाळल्यासारखे दिसायला लागले, तर ते ठरल्याप्रमाणे चाललंय असं समजा.

## १०. मार्च-एप्रिल: फेकू नका

बर्फ वितळतो, खाली तपकिरी-जांभळे, लोळागोळा फडे दिसतात, आणि लोक झाड उपटून टाकतात. दर वसंतात चांगले जिवंत निवडुंग असे कचऱ्यात जातात.

जिवंत आणि मेलेला यांतला फरक चिमट्याच्या टोकाने कळतो. जिवंत फडा सुरकुतलेला पण चिवट लागतो, दाबल्यावर चामड्यासारखा वाकतो. कडेला जरा खरवडलं तर आत हिरवं. मेलेला दाबल्यावर पचकन फुटतो, आत तपकिरी पाणी, वास येतो. असा फडा सांध्यापाशी कापून टाका, सुरी पुसा, कड उघडी वाळू द्या. बाकी झाडाला हात लावू नका. मेच्या मध्यापर्यंत थांबा; ऊब आली की फडे दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरतात.

मग कडेवर कोंब येतात. प्रत्येक कोंबावर बारीक, शिंगासारखी हिरवी पानं असतात आणि ती काही आठवड्यांत गळतात. ती कीड नव्हे. चपटा कोंब म्हणजे नवा फडा, फुगीर शंकूसारखा कोंब म्हणजे कळी. कळ्या बहुधा मागच्या वर्षीच्या फड्यांच्या वरच्या कडेवर येतात, त्यामुळे वसंतात जुने फडे 'नीटनेटके' करायला कात्री घेऊ नका. छाटायचं ते फुलं झाल्यावर.

एक फूल साधारण एकच दिवस टिकतं. दुपारी ऊन असताना बघा, आणि मधले पुंकेसर काडीने हलकेच स्पर्शून बघा. ते हळूहळू आतल्या बाजूला झुकतात. मुलांना दाखवण्यासारखं आहे.

फुलंच येत नसतील तर कारणं ठरलेली: ऊन कमी, नत्र जास्त, किंवा झाड अजून लहान. फड्यापासून लावलेलं झाड साधारण दोन-तीन वर्षं घेतं.

फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग आला, तर तो कोचिनियल किडा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सकाळी धुवा, उरलेले स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आठवड्याने पुन्हा बघा, एका फेरीत तो जात नाही.

## बोंडं आणि छाटलेले फडे

ह्युमिफ्युसाची बोंडं, म्हणजे फळं, शरदात लाल होतात. खाता येतात, पण आत बिया फार आणि गर थोडा. गावाकडच्या बोंडांची अपेक्षा ठेवू नका. दगडावर घासण्याऐवजी सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर सगळीकडून फिरवा. कुसळं जळून जातात, मग कापा.

छाटलेले फडे कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, कुंपणापलीकडे तर नाहीच. तिथे ते मुळं धरतात, आणि ढीग उपसताना कुसळं भेटतात ती वेगळीच. निरोगी फडे पाचव्या पायरीप्रमाणे वाळवून कुणाला द्या. उरलेले जाड कागदी पिशवीत भरून, पिशवीवर 'काटे' असं ठळक लिहून, कचऱ्यात द्या. पिशवी उचलणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नसतं.